काठीसुद्धा ट्रेमध्ये ठेवा

विमानतळावर हातातली काठीसुद्धा मशीनमधून जाते. मोबाईल, कमरेचा पट्टा, पाकीट, काठी, सगळं ट्रेमध्ये ठेवायचं आणि मग मोकळ्या हातांनी दारातून पुढे व्हायचं. ही एवढीशी गोष्ट मी आमच्या अंगणात शिकवायला घेतली नसती, तर मोठ्या बाबांच्या काठीच्या पोटात काय आहे ते आम्हाला थेट नागपूरला कळलं असतं, बंदूकवाल्या जवानासमोर. मग आईचं विमान आईला सोडूनच उडालं असतं.

आधी हे सांगते, की दारव्हा-नेर रस्त्यावरच्या आमच्या गावातून चौघं जण एकदम विमानात काहून बसणार होते.

माझा दादा, राजदीप, मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात आहे. दोन वर्षं झाली, तो घरी आला नाही. शेवटचा आला तेव्हा पेरणी चालू होती, आणि माझे बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ डोमाजी, म्हणजे माझे मोठे बाबा, धुऱ्यावर भिडले होते. धुरा म्हणजे दोघांच्या वावरांमधला बांध. वाटणी झाली तेव्हा त्याच्यावरून बैलबंडी जायची म्हणतात. मग दरवर्षी इकडून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, तिकडून एक तास नांगरून नांगरून तो उंदराच्या शेपटीएवढा उरला. त्या दिवशी बाबांनी बंडीची उभारी उपसली, ती कडेला खोचलेला जाड दांडा असतो ना, ती, आणि मोठ्या बाबांच्या नडगीवर घातली. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. मोठ्या बाबांनी पडल्यापडल्याच दगड भिरकावला. तो बाबांना लागलाच नाही. मधे धावत आलेल्या दादाच्या तोंडावर बसला.

दादानं आपले समोरचे दोन दात मातीतून उचलले, पँटीला पुसले, खिशात ठेवले. आणि रक्ताची चूळ थुंकून म्हणाला, "तुमी दोघं मले एका रांगेत बसलेले दिसले, तवाच मी या गावात पाय ठेवीन."

तेव्हापासून आई त्याला फोनवर पाहते. काचेवरून त्याच्या गालावर बोट फिरवते, तर फोन कट होतो, आणि मग ती माझ्यावर ओरडते.

यंदा दादानं चौघांची तिकिटं काढली. जहाजावरच्या लोकांच्या घरच्यांना सवलत असते. नागपूर ते मुंबई विमान, मग जहाज. अट एकच, चौघांनी मिळून यायचं. आई आणि मोठी आई तर तयारच होत्या, त्यांचं बोलणं विहिरीवर चोरून चालूच होतं. पण बाबाही हो म्हणाले. मोठे बाबाही हो म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

पण मी भलत्याच जोरात होती. मी दहावीत आहे. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही माझी मान खाली जायची. यंदा वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आली आणि माझा आवाज जो मोकळा झाला तो घरात मावेना. विमानात मी एकदाही बसली नाही, पण विमानाचं मला सगळं येतं! दादाला विचारून विचारून आणि व्हिडिओ पाहून पाहून मी चौघांची गुरू झाली. जहाज गाठायचं असलं तर विमान एक दिवस आधीचंच घ्यायचं, कारण विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही, भोंगा वाजवून निघून जाते. म्हणून दादाला तिकिटं मीच आदल्या दिवशीची काढायला लावली. बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग हरवू शकते आणि बीपी हरवत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. तिखट, लोणचं, अडकित्ता मोठ्या बॅगेत. कान गच्च झाले तर आवंढा गिळायचा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आमच्या अंगणात तालीम ठेवली. मोठे बाबा दोन वर्षांनी आमच्या फाटकातून आत आले, काठी टेकत, लंगडत. बाबांनी तोंड फिरवलं. मी बाजेला मशीनचा सरकता पट्टा केलं, परातीला ट्रे केलं, आणि बॅडमिंटनची रॅकेट घेऊन स्वतः जवान झाली.

"चला, रांगेत या! आधार कार्ड हातात!"

आई पदर तोंडाला लावून हसून राह्यली होती. मोठी आई, रुखमाबाई, दादासाठी कुटलेल्या तिखटाची पिशवी पोटाशी धरून उभी.

"मोठे आई, तिखट मोठ्या बॅगेत म्हणलं ना!"

"ठेवतो ना माय. हातात वजन पाह्यतो जरासं."

बाबांनी परातीत मोबाईल, पाकीट, तंबाखूची डबी टाकली. मी रॅकेट फिरवली, टुंई केलं, सोडलं. मग मोठ्या बाबांची पाळी.

"मोठे बाबा, काठी."

"काठी कायले? पाय हाये तो माहा."

"काठी बी मशीनमधून जाते. तुम्हाले तिथं खुर्ची देतात."

"नाही देत मी काठी."

"उद्या तिथला जवान हिसकन घेईन! द्या!"

"सुरभे, राहू दे," बाबा हसले, वाईट हसले. "लंगड्याले पडायचा भेव वाटते."

मोठ्या बाबांचा चेहरा काळा पडला. मी तेवढ्यात काठीचं खालचं टोक धरलं आणि ओढली. ते मुठीला धरून. काठी निघाली, मूठ त्यांच्याकडेच राह्यली. आणि मुठीतून हातभर पातं बाहेर आलं, दोन्हीकडून धार लावलेलं, तेल पाजलेलं.

गुप्ती. माझ्या हातात नुसतं पोकळ लाकूड.

"माहा गळा कापाले आणली व्हय?" बाबा पुटपुटले. मग ओरडले, "माह्याच अंगणात!"

"तुह्या भेवानं बाळगतो! दोन वर्षं झोपलो नाही मी, घनश्या!"

"आता झोप!"

बंडी चिंचेखालीच होती. बाबांनी उभारी उपसली तो खडखडाट मी ओळखला. पहिला घाव मोठ्या बाबांच्या खांद्यावर पडला, ते बाजेवर कोसळले, परात उडाली. दुसरा डोक्यात. कातडं फाटून कपाळावर लोंबलं आणि रक्त डोळ्यांवर असं उतरलं की त्यांना दिसेनाच. त्यांनी आंधळ्यासारखी गुप्ती फिरवली. बाबांचा दंड कोपरापर्यंत चिरला गेला, आतलं पांढरं दिसलं, मग ते पांढरं लाल झालं. तरी बाबा थांबेनात. उभारी डाव्या हातात घेतली.

मी भाषणात नेहमी म्हणते, अन्यायाच्या मधे उभं राहा. मी मधे गेली. पातं माझ्याकडे येताना दिसलं आणि मी ते धरलं. उघड्या हातानं! दुखलं नाही. नुसतं गरम वाटलं, आणि बोटं मिटली ती उघडेनात. मागून उभारी उतरत होती, ती माझ्या पाठीत बसली. मी तोंडावर पडली, तोंडात माती आणि दात घासल्यासारखी खरखर. जीभ फिरवून मी आधी दात मोजले.

तेवढ्यात मोठ्या आईनं तिखटाची पिशवी दातांनी फाडली.

ओंजळीनं नाही, तिनं पिशवीच फेकली दोघांच्या तोंडावर, शेतात खत फेकावं तशी. उघड्या जखमेत, डोळ्यात, नाकात. दोन माणसं एकदम किंचाळली. उभारी पडली, गुप्ती पडली. बाबा जमिनीवर लोळत होते, मोठे बाबा भिंतीवर डोकं घासत होते, आणि जिथं घासत तिथं लाल रेघ उमटत होती. आई मात्र ओरडली नाही. तिनं गुप्ती उचलली, बाजेच्या पायाखाली घातली आणि वर पाय देऊन वाकवली. पातं मोडलं.

नेरच्या दवाखान्यात शेजारच्यांच्या जीपनं नेलं. वाटेत दोघं भाऊ दोन वर्षांत पहिल्यांदा एकमताने बोलले.

"कोणी जाणार नाही उद्या," बाबा म्हणाले.

"बरोबर हाये. बायांनी तर बिलकुलच नाही," मोठे बाबा म्हणाले.

आई खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या बोटांनी जीपच्या काचेवर काहीतरी फिरवल्यासारखं केलं. गाल होता तो. मला कळलं.

डॉक्टरीणबाई माझ्या तळहाताला टाके घालत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"बैल उधळला," बाबा पलीकडच्या खाटेवरून म्हणाले.

"शिंग लागलं," मोठे बाबा म्हणाले.

"बैलाचं शिंग सरळ रेषेत कापत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं.

बाबांचे डोळे सुजून फटीएवढे राह्यले होते. त्या फटीतून ते माझ्याकडे पाहत होते. 'घरचं घरात राहू दे', हे त्या नजरेत स्पष्ट होतं, लहानपणापासून मला ती नजर वाचता येते. खोटं बोलली असती तर टाके घालून दोघं संध्याकाळी घरी आले असते, फाटकाला कुलूप लावलं असतं, आणि आई आतमध्ये राह्यली असती.

मी उठून बसली. तालुक्याला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"बैल नव्हता. माह्या मोठ्या बाबांनी गुप्ती चालवली, माह्या बाबांनी उभारी. मले दोघांचं लागलं. पातं घरी बाजेखाली हाये. पोलिसांना बोलवा."

"पोट्टे!" बाबा उठायला गेले, सलाईनची सुई ओढली जाऊन रक्त उडालं. हवालदार आले ते ठाण मांडूनच बसले. जबाब झाले, गुन्हा लिहिला गेला. टाके पिकू नयेत म्हणून दोघांना तिथंच ठेवलं, दोन खाटा लागून, मधे हवालदाराची खुर्ची. दोघांनाही हलायची परवानगी नाही.

"आई," मी बाहेर व्हरांड्यात म्हटलं, "तिकिटावर ज्याचं नाव, तो जातो. चौघांतले दोन गेले नाही तर त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. विमान उडतेच."

"अन् तू?"

"मी इथंच, नेरला ममतामावशीकडे राहते. तुमी जा. दादाले सांग, अट मी पाहून घेते."

मोठी आई म्हणाली, "वच्छले, माही पिशवी तर रिकामी झाली. तिखट कोठून नेतो आता?"

"तुह्या लुगड्याले हाये ना," आई म्हणाली. दोघी अशा हसल्या की हवालदार डोकावून गेले.

तिसऱ्या दिवशी ममतामावशीच्या फोनवर फोटो आला. मुंबईच्या बंदरावर आईनं दादाचं तोंड दोन्ही हातांनी उघडलंय आणि आत वाकून पाहून राह्यली, त्याचे दोन नवे दात. शेजारी मोठी आई, कानात अजून विमानातला कापूस.

मी फोन घेऊन दवाखान्यात गेली. बाबांना दाखवला. मोठे बाबा पलीकडून म्हणाले, "मले बी." मला पाठीमुळे वाकता येत नव्हतं. "इकडं या दोघं," मी म्हटलं. हवालदारांनी खुर्ची मागे घेतली, पण काठी हातात धरून उभे राह्यले. मोठे बाबा आपल्या खाटेवरून सरकत बाबांच्या खाटेवर आले. दोघं कडेला बसले, एक पट्टी डोक्याला, एक पट्टी हाताला, एकमेकांना न शिवता, आणि फोटोत डोळे खुपसले. आधी एकानं डोळे पुसले, मग दुसऱ्यानं.

मी माझ्या मोबाईलनं टिपलं आणि दादाला पाठवलं. 'एका रांगेत हायत. पाह्य.'

त्याचं लगेच आलं, 'रडून राह्यले का?'

तीन दिवस झाले होते. मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं लिहिलं, 'नाही. तिखट हाये.'