खुंटीवरचा कुडता

"तो कुडता राहू दे, भाभी," बख्तावर म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसली.

चाळिसाव्या दिवसाआधी मी तिच्या नवऱ्याचे, माझ्या धाकट्या दिराचे, कपडे गोळा करायला आले होते. मयताचे कपडे गरिबाला द्यायचे, ही आमच्याकडची रीत. गुलाम यासीनचे कपडे ते किती असणार? अर्धंमुर्धं बोचकं झालं. रानोरान हिंडून किडीची पाहणी करायची, हे त्याचं काम. कपाशीत कामगंध सापळे लावायचे, उसाच्या पानांना मित्रकिडीच्या अंड्यांची कार्डं टाचायची, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या प्रत्येकाला अडवायचं, "आधी सापळा बघ, मग विष घाल." लोक हसायचे. भर उन्हात सापळे बदलतानाच तो कपाशीत कोसळला.

सापळ्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. माणसाला तो येत नाही, पण नर लांबून येतात आणि अडकतात. यासीन त्या गोळ्या खिशात टाकून फिरायचा. संध्याकाळी कुडता खुंटीला लागला, की पतंग घरात हजर. मी चिडवायचे, "बख्तां, तुझ्या नवऱ्यावर तुझ्याशिवाय हेच मरतात गं." ती लाजायची. तो मात्र हसायचा नाही. "हसू नका भाभी. बिचारे बायको आहे समजून येतात."

मी मन घट्ट केलं. कपड्यांना कवटाळून बसलेल्या बायकांचं पुढे काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. कुडता काढला, बोचक्यात कोंबला. बख्तावरनं अडवलं नाही. इद्दतीत, विधवेनं घरातच काढायच्या त्या दिवसांत, तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत मी बोचकं दारातूनच एका कापूस वेचणारीच्या हवाली केलं. ती दुवा देत निघून गेली.

मगरिबची नमाज झाली, मी दिवा लावला. तेवढ्यात दोन पतंग आले. दिव्याकडे गेलेच नाहीत. रिकाम्या खुंटीभोवती फिरले, भिंतीवर आपटले, पुन्हा खुंटीवर आले. इतक्या वर्षांत वास लाकडात मुरला असावा. हाकलायला मी फडकं उचललं, तर बख्तावरनं माझा हात धरला.

मग ती खुंटीजवळ गेली आणि लेकराची समजूत काढावी तशी हळूच म्हणाली, "नाहीये रे इथं कोणी. जा घरी."

ते गेले नाहीत. तीही तिथून हलली नाही.