कार्यशाळा क्रमांक बारा

सकाळी अकराला करिश्मानं पाच जाडजूड प्रबंध अमरावती विद्यापीठातल्या जमा-खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, तेव्हा तिच्या जिवात जीव होता. सव्वाअकराला नव्हता.

तिच्या पीएच.डी.ची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. पाचच्या आत प्रबंध जमा झाल्याची पावती हातात पडली, तर उद्या सकाळी अकोल्याच्या संशोधन केंद्रात पोस्टडॉकच्या जागेवर हजर व्हायचं. नाही पडली, तर सहा वर्षांची नोंदणी रद्द आणि जागा यादीतल्या दुसऱ्याला. विषय होता पानपिंपरीच्या, म्हणजे औषधी पिंपळीच्या, वेलाची मूळकूज. अंजनगाव सुर्जीला तिच्या घरचा पानपिंपरीचा मळा. दरवर्षी अर्धे वेल कुजायचे, म्हणून पोरगी वनस्पतिशास्त्रात शिरली. आता वेल टवटवीत होते. पोरगी सुकली होती.

खिडकीमागं बसलेले सहदेव बाबू यादीवर बरोबरच्या खुणा करत करत एका ओळीवर येऊन थांबले. "चौदा नंबर. पाठबळ कार्यशाळेत सहभागाचं प्रमाणपत्र."

करिश्मानं एक सोडून अकरा प्रमाणपत्रं पत्त्यांसारखी पसरली. "घ्या, कोणतं पायजे ते."

बाबूंनी चष्मा लावून अकराच्या अकरा वाचली. "ताई, हे तं आयोजन समितीचे आहेत."

"मंग?"

"पोर्टलले सहभागी पायजे. तुमी सहभागी कुठं झाल्या?"

"अहो, मी तिथंच होती ना! सकाळी सातपासून!"

"होत्या. मी काई नाई म्हणत नाई. पण सहभागी नव्हत्या."

बोलणं खोटं नव्हतं. पीएच.डी.ची पोरं मधेच खचतात असं विद्यापीठाच्या ध्यानात आलं आणि पाच वर्षांपूर्वी 'संशोधक पाठबळ कक्ष' निघाला. कक्षाचे प्रमुख डॉ. वामनराव, म्हणजे करिश्माचेच मार्गदर्शक. सर मनाचे चांगले. फक्त आपल्या हातानं खुर्ची सरकवायची त्यांना सवय नव्हती. 'कामाच्या ओझ्याखाली संशोधक' ही कार्यशाळा झाली तेव्हा करिश्मा ऐंशी माणसांचा चहा दोन जिने चढवत होती. 'नाही म्हणायला शिका' या कार्यशाळेचे पुष्पगुच्छ आणायला तिला नाही म्हणता आलं नाही.

ती धावत सरांकडं गेली. "सर, एक सहभागाचं प्रमाणपत्र द्या ना लिहून. तुमची सही चालते."

"खोटं? माझ्या हातून?" सर खुर्चीत ताठ झाले. "रिटायर व्हाले आठ महिने राहिले माझे, करिश्मा. त्यापेक्षा आपण आजच एक कार्यशाळा घेऊन टाकू. बारावी. दोन वाजता! तू सहभागी हो, हक्कानं."

पोर्टलच्या हिशोबानं कार्यशाळेला वीस संशोधक लागत, बाहेरचा एक प्रमुख पाहुणा लागे, प्रमाणपत्रावर त्याचीही सही लागे आणि शेवटी सहभागींपैकी एकाचं मनोगत लागे. सरांनी तिथल्या तिथं अकोल्याला फोन लावला. डॉ. ओमप्रकाश एका फोनात निघाले. उद्या जिथं हजर व्हायचं त्या केंद्राचे प्रमुख हेच, आणि माइक हातात आला की हा माणूस घड्याळाशी बोलणं टाकायचा.

"आता एक ध्यानात ठेवा," हजेरीचं रजिस्टर काखेत मारून सहदेव बाबू म्हणाले. "तुमी कायलेच हात लावाचा नाई. समईची वात जरी सारली तं तुमी आयोजक. मंग मले तसं लिहा लागन."

सगळा भार आला हसनैनवर. रसायनशास्त्राचा दुसऱ्या वर्षाचा संशोधक, उत्साही, आणि आजवर कार्यशाळेत फक्त जेवलेला. "ताई, तुमी आरामात बसा. मी आहो ना!"

करिश्मा पहिल्या रांगेत हातावर हात ठेवून बसली. हसनैननं ग्रंथालयातून अठरा जण हाकून आणले. एकोणिसावा वसतिगृहातून अर्धी दाढी केलेला आला आणि उरलेल्या अर्ध्या गालावरचा साबण शेवटपर्यंत वाळवत बसला. विसावी करिश्मा. मग बॅनर चढलं. कपाटातलं भलतंच होतं, त्यावर 'भावपूर्ण निरोप' असं लिहिलेलं. बरोबरचं बॅनर कुठं आहे ते करिश्माला ठाऊक होतं, माइकच्या खोक्याखाली. तिनं नुसतं तिकडं पाहिलं, तर बाबूंचा पेन वर आला. तिनं डोळे मिटून घेतले.

दोन वाजले, तीन वाजले. पाहुणे मूर्तिजापूरला नाश्त्याला थांबले होते. साडेतीनला गाडी आली.

"दीपप्रज्वलन!" सर म्हणाले.

तेलाची बाटली हसनैनला सापडली नव्हती. त्यानं प्रयोगशाळेतून दुसरी आणली होती. बाटलीवरची 'स्पिरिट' ही चिठ्ठी करिश्माला खुर्चीतून लख्ख दिसली. तिनं तोंड उघडलं. बाबूंनी पेनाचं टोपण काढलं. तिनं तोंड मिटलं.

निळा भडका हातभर वर गेला. पाहुण्यांच्या गळ्यातला हार चरचरला, भुवईचा थोडा भाग कमी झाला. पण ओमप्रकाश सर कसलेले. भुवई चोळत ते माइककडं सरकले. "ज्ञानाची ज्योत अशीच पेटते! मी फक्त दोन मिनिटं घेतो."

विषय होता वेळेचं नियोजन. सव्वाचारला ते आपल्या शाळेपर्यंत आले. साडेचारला त्यांची सायकल पंक्चर झाली. चार चाळीसला त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "आता मुख्य मुद्द्याकडे वळू."

करिश्मा उठली. आपण काय करून राहिलो हे तिचं तिलाही कळलं नाही. ज्याच्या हाताखाली उद्या नोकरी करायची त्याच्या हातातून तिनं माइक काढून घेतला.

"सहभागींचं मनोगत," ती म्हणाली. "कार्यक्रमपत्रिकेत आहे. सर, तुमी बसा."



"वेळेच्या नियोजनावर बोलते. माझी वेळ पाचला संपते. मी सहा वर्ष मुळं धुतले, माती चाळली, रात्रंदिवस सूक्ष्मदर्शकात डोळे घातले. रोग सापडला, उपाय सापडला. कक्षाले पाठबळ देता यावं म्हणून अकरा वेळा सतरंज्या म्याच अंथरल्या. आज मले काई नको. पाठबळ नको, गुच्छ नको. एक सही द्या आन् सोडा मले! पाया पडते बाप्पा, सोडा!"

टाळ्या पडल्या. अर्ध्या दाढीवाला तर उभाच राहिला. ओमप्रकाश सरांनी डोळे पुसले. "याले म्हणतात मनोगत," ते म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा सापडून सही व्हायला चार वाजून एक्कावन मिनिटं झाली.

प्रमाणपत्र घेऊन करिश्मा खिडकीकडं पळाली. खिडकीत कोणी नव्हतं, कारण खिडकीतला माणूस मागं सभागृहात समोसा खात होता. ती उलटी पळाली, सहदेव बाबूंना प्लेटीसकट ओढत आणलं. बाबूंनी चटणीचं बोट पुसून संगणक उघडला. चौदा नंबरला खूण झाली.

"झालं, ताई! आता सरांच्या मोबाइलवर ओटीपी आला असन. तेवढा सांगा."

सर धापा टाकत मागं पोचले होते. पाहुण्यांच्या मानापायी त्यांनी आपला मोबाइल बंद करून ठेवला होता, पोरांना वळण लागावं म्हणून. त्यांनी तो सुरू केला. मोबाइलनं सवड मिळालेली पाहून स्वतःला अद्ययावत करायला घेतलं.

"बत्तीस टक्के," सर म्हणाले. "थांब, होते. चौतीस."

छप्पन टक्क्यांवर पोर्टल बंद झालं.

बाबूंनी उरलेला समोसा कागदात गुंडाळला. "कुलगुरूंची विशेष परवानगी काढता येते," ते जमिनीकडं पाहत पुटपुटले. "समितीसमोर ठेवा लागते. पण तोवर अकोलेवाले थांबले पायजेत."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. करिश्मानं पाचही प्रबंध छातीशी धरले आणि पळत जाऊन मागच्या दारानं ओमप्रकाश सरांच्या शेजारी बसली.

"अवो, हे काय?" सर दचकले.

"मले मुदत द्या, सर. परवानगी येईस्तोवर जागा धरून ठेवा."

"नियम आहे, बाई. उद्या दहाला पावती नसली की दुसरा उमेदवार. मी काय करू? उतरा."

"नाई उतरत."

"ड्रायव्हर, गाडी थांबव रे!"

"थांबली तरी नाई उतरत," करिश्मा म्हणाली आणि सीटबेल्ट लावला.

ड्रायव्हरनं आरशातून तिचा चेहरा पाहिला आणि गाडी थांबवली नाही. बडनेऱ्यापर्यंत ओमप्रकाश सरांनी तिला शिस्तीवर सुनावलं. ती ऐकत राहिली. पुढं त्यांनी स्वभाव कसा सुधारावा ते सांगितलं. तेही ऐकलं. मग त्यांचा घसा बसला, तेव्हा तिनं प्रबंध उघडून पहिल्या प्रकरणापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कुजलेल्या मुळांचे रंगीत फोटो आले की तेही दाखवले. ओमप्रकाश सरांनी आयुष्यात प्रथमच पंचवीस किलोमीटर दुसऱ्या कोणाचं ऐकलं.

मूर्तिजापूर आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. "आठ दिवस! आठ दिवस जागा थांबवतो. नवव्या दिवशी नाई. आता उतरा, तुमाले माय-बापाची शपथ आहे."

करिश्मानं त्यांच्याकडून ते प्रबंधाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं, तारखेसकट, सहीसकट. मग उतरली. गाडी अकोल्याकडं सुसाट गेली.

रस्त्याच्या कडेला पाच प्रबंध उतरवून तिनं सहदेव बाबूंना फोन लावला.

"बाबू, ते परवानगीची समिती कधी बसते?"

"महिन्यातून एक डाव."

"कधी?"

"परवाच बसली होती, ताई."

समोरून अमरावतीची एस.टी. येत होती. करिश्मानं एक हात वर केला, दुसऱ्या हातानं मोबाइल कानाशी घट्ट दाबला.

"सदस्य कोण कोण आहेत, बाबू? सगळ्यांचे पत्ते सांगा. नंबर नको. घराचे पत्ते."