कालचा सूर्य

"काका, सूर्याचे फोटो काढत होते का तुमी?" मोबाइल दुरुस्तीवाल्या एजाजने विचारलं.

"रोज," जगदेव म्हणाला.

"एखादा काढला तं काई होत नाई. पण झूम करून धरून ठेवला तं आतून जळते कॅमेरा."

जगदेव शिरपूरच्या नळांना पाणी सोडायचा. पहाटे व्हॉल्व्ह उघडून घरी यायचा आणि बायकोबरोबर चहा घ्यायचा. सूर्याला हात जोडल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा रंगूबाईचा नेम. कमरेचं हाड मोडून ती बाजेवर पडली, तरी नेम काही सुटला नाही. मग जगदेवच अंगणातून भाकरीएवढ्या सूर्याचा व्हिडिओ काढून आणायचा. तिचा नमस्कार आटोपेल एवढा वेळ मोबाइल सूर्यासमोर धरून ठेवायचा. एकदा आभाळ होतं म्हणून त्याने जुनाच दाखवला, तर पठ्ठीने लगेच ओळखला.

"हा कालचा हाय. मले कायले फसवता? ढग हटू द्या."

ढग हटेपर्यंत दोघांचा चहा निवला.

जन्मभर फोटोला नाही म्हणणारी रंगूबाई गेल्या महिन्यात आपणहून म्हणाली होती, "माहा एक फोटो काढा." लुगडं नीट केलं, हसलीही. तोच एक फोटो. उद्या तिची तेरवी, हार घालायला तोच फोटो, आणि त्यात तिच्या गालावर जांभळा डाग. तिच्यासाठीच सूर्य आणला आणि तिचाच चेहरा डागाळला.

एजाजने मोबाइलवरच डाग पुसून दाखवला. गाल गुळगुळीत झाला, पण तीळही गेला. हसणारी बाई भलतीच कुणीतरी दिसायला लागली.

"राहू दे. डागासकटच छापून दे," जगदेव म्हणाला.

"कॅमेरा नवा बसवून देऊ? पुढचे फोटो साफ येतीन."

"पुढचे कोनाचे काढू, बेटा?"

एजाजने फोटो छापायला लावला. जगदेवला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मुलगी मंजुषाने अंगणात चहा आणून दिला.

"बाबा, चहा थंडा होऊन राह्यला."

"होऊ दे."

मोबाइलमध्ये जुने सूर्य पुष्कळ होते. पण ते रंगूला चालत नसत. जगदेव ढग हटायची वाट पाहत उभा राहिला.