बहरीनचे साडेनऊ

ॲडमिन, तुम्ही एका बापाचं तोंड बंद केलंत, आणि तेही घड्याळ न बघता.

मी लतीफ. गणपतदा माझा रूममेट, इथे बहरीनला झल्लाकच्या एका हॉटेलात एसी दुरुस्त करतो. दीड वर्षापूर्वी गुहागरला त्याची बायको वारली. कंपनीनं लीव्ह दिली नाही. तेव्हापासून मुलीनं, भक्तीनं, बापाचा नंबर ब्लॉक केलाय.

तुमच्या सिरीजवाल्या ग्रुपवर मात्र ती बोलायची. सिरीजमध्ये काळ पुढेमागे उड्या मारतो, आणि कोण जिवंत, कोण मेलं यावर तुमची माणसं भांडतात. गणपतदाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. भक्तीचं नाव दिसलं म्हणून शिरला. तो थिअरी टाकायचा, ती खाली लिहायची, "चूक. तिसरा भाग परत बघा."

"चूक लिवलान रे!" तो मला हलवायचा. "म्हंजे वाचलान ना?"

"दादा, अक्कल काढतेय ती तुझी."

"काढूंदे. बापाचीच काढतेय ना?"

मग तो भाग आला. खलाशी बायकोच्या मयताला येत नाही. सगळा ग्रुप त्याच्यावर तुटून पडला. गणपतदानं त्या भागातला, मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो टाकला: कप्तानाच्या मागे कपाट, त्याला कुलूप. लिहिलं, "कागद आत अडकलेत त्याचे."

भक्तीनं खाली विचारलं, "बाबा, म्हणजे त्याला यायचं होतं?"

बाबा. सगळ्यांसमोर.

तो एका बोटानं उत्तर टाइप करत होता, तेवढ्यात तुम्ही त्याला काढलंत. फोटोच्या कोपऱ्यात त्याच्या मोबाइलचे दहा वीस दिसले. भाग दुपारी बाराला येतो, म्हणजे यानं आधीच चोरून बघितला, असं तुम्ही ठरवलंत. खलास! अहो, तुमचे बारा वाजतात तेव्हा बहरीनला साडेनऊ असतात. शुक्रवारची सुट्टी, बघितला त्यानं आल्याआल्या. पोस्ट तुमच्या फोनवर बारा पन्नासला आली, तेवढंही बघता आलं नाही?

त्याची रिक्वेस्ट तीनदा नाकारलीत. माझीही नाकारलीत. नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

तिच्या प्रश्नाखाली आता कुणीतरी लिहिलंय, "यायचं असतं तर पोहत आला असता." दोनशे जण हसलेत. भक्तीनं त्याला बदाम दिलाय.

गणपतदा माझ्या फोनवर ते बघतो, फोन परत देतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो.

पोरीनं विचारलंय. उत्तर बापाकडे आहे. मध्ये तुम्ही आडवे उभे. त्याला परत कधी घेताय? आज सांगा.