बाबांचं खाकरणं

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की ते आता उघडणारच नाहीत. घरात कोण आलं, हे तुम्हाला कसं कळेल?

चिमणीच्या आईची दृष्टी गेल्या वर्षी गेली. चिमणीचे बाबा शिंपी. त्यांच्या घशात कायम कफ अडकलेला, त्यामुळे ते जिन्यापासूनच खाकरत यायचे.

“आली स्वारी!” आई हसून म्हणायची.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “पोटातलं आम्ल वर येतं, म्हणून घशात कफ साठतो. खाकरून खाकरून घसा सोलवटतो आणि कफ आणखी वाढतो. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. रात्री लवकर जेवा, पलंगाची उशाकडची बाजू उंच करा.”

चिमणी हात धुऊन बाबांच्या मागे लागली. बाबांनी नुसता ‘ख’ केला, की हिचा पेला पुढे.

“तू माझी मुलगी की सासू?” बाबा कुरकुरायचे. पण दोन महिन्यांनी घसा मोकळा झाला.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले, तेव्हा आई डोळे मिटून बसली होती. तिला डुलकी लागली असेल असं वाटून ते आवाज न करता शेजारी टेकले.

थोड्या वेळाने आई म्हणाली, “चिमणे, बाबांना आज फारच उशीर झाला गं. जिवाला घोर लागलाय.”

बाबा हातभर अंतरावर होते. त्यांचा मोकळा झालेला घसा दाटून आला.

चिमणीने सवयीने बाबांसाठी आणलेला पेला खाली ठेवला, बाबांचा सुया टोचून खरखरीत झालेला हात उचलला आणि आईच्या ओंजळीत ठेवला.