पुढच्या शिडावरची जागा

पहिल्या शर्यतीला सात दिवस उरले होते आणि नुजहत मुजावर होडीतल्या होडीत पडली.

राजाराम तलावावर आषाढाचा पश्चिमेचा वारा सुटला की शिडाच्या होड्यांचा हंगाम सुरू होतो. क्लब लहानसा. होड्या अकरा, शर्यती चार, एक रविवार सोडून एक. प्रत्येक होडीत दोघं. मागचा माणूस सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. पुढचा माणूस पुढचं शीड ओढतो, वाऱ्यावर नजर ठेवतो आणि होडी कलली की काठावर बसून अंग मागं पाण्यावर झोकून देतो, म्हणजे ती उलटत नाही. नऊ वर्षं एका होडीचं सुकाणू पूर्णिमा खाडेच्या हातात होतं आणि तिच्या पुढची जागा नुजहतची होती. पूर्णिमा हायस्कूलमध्ये खेळ शिकवायची. नुजहतचं शाहूपुरीत ताडपत्री शिवायचं दुकान होतं आणि क्लबची फाटकी शिडं तिच्याकडंच यायची. असंच एकदा शीड पोचवायला ती तलावावर गेली, तेव्हा पूर्णिमाची जोडीदारीण आली नव्हती. "बस की गं, नुसतं वजन पायजे मला," म्हणून पूर्णिमानं तिला होडीत घेतलं. त्यानंतर ती जागा कुणी मागितली नाही आणि नुजहतनं कुणाला दिली नाही.

त्या रविवारी सराव चालला होता. "वळतोय!" पूर्णिमा ओरडली. नुजहत शिडाच्या दांड्याखालून वाकून पलीकडं झेपावली, पण ओल्या फळीवर पाय घसरला आणि डावी कूस काठावर आदळली. आत काहीतरी कट् झालं. ते तिला एकटीलाच ऐकू आलं.

"लागलं काय गं?"

"न्हाय. चल तू."

काठापर्यंत तिनं दोर सोडला नाही. लाइफ जॅकेट काढायला हात वर केला तेव्हा मात्र डोळ्यांपुढं अंधारी आली.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. "आठव्या बरगडीला बारीक चीर आहे. घाबरायचं कारण नाही. पण सहा आठवडे उचलायचं नाही, ओढायचं नाही, अंग पिळायचं नाही. पट्टा अजिबात बांधायचा नाही, श्वास कोंडतो. तासातासाला दहा खोल श्वास घ्यायचे, दुखलं तरी."

"पुढच्या रविवारपर्यंत बरं व्हईल न्हवं?"

डॉक्टर हसले. नुजहतलाही हसू आलं आणि तेव्हाच तिला कळलं की आता हसताही येणार नाही.

घरी सगळ्याच साध्या गोष्टी अवघड होऊन बसल्या. आडवं झोपता येईना, म्हणून ती भिंतीला उश्या लावून बसल्या बसल्या झोपायची. खोकला आला की उशी कुशीशी दाबून धरायची. तिचा नवरा कामिल शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. तो पहाटे उठून स्वयंपाक करू लागला, पण त्यानं मिरच्या परतल्या की तिला ठसका लागायचा आणि तो तवा घेऊन अंगणात पळायचा. दुकानात जड ताडपत्री मशीनखालून ओढणं बंद झालं. ती नुसती काजं आणि कड्या बघत बसायची. तासातासाला दहा श्वास मात्र न चुकता मोजून घ्यायची.

बुधवारी पूर्णिमा दुकानात आली. बरोबर तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती, सडपातळ, लांब हातांची.

"ही अनुजा. हातकणंगल्याची हाय. एमआयडीसीत इंजिनिअर म्हणून लागलीया. कॉलेजात असताना पुण्याला होडी चालवायची. म्हटलं तू बरी होईस्तोवर हिला घेतो. चालंल न्हवं?"

"घे की. मला काय त्याचं," नुजहत म्हणाली आणि दोऱ्याचं रीळ उगाचच दुसऱ्या खणात ठेवलं.

"ताई, तुमचं जॅकेट वापरू का? क्लबातली सगळी मोठी होतात," अनुजानं विचारलं.

त्या जॅकेटला नुजहतनं स्वतःच्या हातानं आतून खिसा शिवला होता. ती म्हणाली, "वापर."

पहिल्या शर्यतीला नुजहत काठावर खुर्ची टाकून बसली, मांडीवर उशी घेऊन. अनुजा काही चुकेल, दोर गुंतवेल, उशिरा झेपावेल, याची ती वाट बघत होती. अनुजा चुकली नाही. वाऱ्याचा झोत आला की ती अशी मागं झोकायची की तिची वेणी पाण्याला लागायची. नुजहतला एकोणचाळिसाव्या वर्षी तेवढं जमत नव्हतं; खरं तर तिसाव्या वर्षीही जमलं नव्हतं. होडी पहिली आली. शेवटचा बोया, पाण्यातली तरंगती खूण, ओलांडला तेव्हा पूर्णिमा हसली, आणि ते मोठं हसणं पाण्यावरून थेट काठापर्यंत आलं. नुजहतला ते हसणं ओळखीचं होतं. आजवर ते ऐकताना ती स्वतः होडीत असायची.

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर दोघींचा फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'नवी जोडी जोरात!' नुजहतनं अंगठा टाकला. मग फोटो मोठा करून पाहिला. पूर्णिमाचा हात अनुजाच्या खांद्यावर होता.

"दुखता है तो बोल की," कामिल म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याला बरगडीच आठवली होती.

"नहीं दुखता," ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

दोन दिवसांनी अनुजा एकटीच दुकानात आली. येताना पेरू घेऊन आली होती. "ताई, पूर्णिमाताई म्हणतात, पूर्वेच्या काठाला वारा अचानक फिरतो आणि ते तुम्हाला आधीच कळतं. कसं ओळखता?"

नुजहतला सांगता आलं असतं. दोन वाक्यांत.

"कळतं आपोआप," ती म्हणाली. "सवयीनं."

अनुजा पेरू ठेवून गेली. पेरू चांगले होते. नुजहतनं ते शेजारच्या दुकानात देऊन टाकले.

दुसरी शर्यत जवळ आली तेव्हा पडल्याला तीन आठवडे होत आले होते. तिनं पूर्णिमाला फोन केला. "डॉक्टरांनी सोडलं मला. येतो रविवारी."

"खरंच? इतक्या लवकर?"

"चीर बारीकच व्हती की."

रविवारी सकाळी तिनं दार लावून घेतलं आणि जुन्या ओढणीची घडी करून बरगड्यांभोवती करकचून गुंडाळली. दुखणं थांबायची एक गोळी घेतली, नंतर अजून एक. तलावावर अनुजानं जॅकेट काढून तिच्या हातात दिलं. "मी बचाव बोटीवर बसते ताई. जिंकून या." तिच्या आवाजात तिरकं काही नव्हतं. असतं तर नुजहतला सोपं गेलं असतं.

पहिला बोया नीट ओलांडला. वारा मवाळ होता. नुजहतला वाटलं, झालं, जमलं. मग विद्यापीठाच्या बाजूनं वाऱ्याचा काळा झोत पाण्यावरून धावत आला. "बाहेर!" पूर्णिमा ओरडली. नुजहतनं होडीच्या तळाच्या पट्ट्यात पाय अडकवून अंग मागं टाकलं आणि कुशीत सुरी फिरावी तसं झालं. ओढणीनं आवळलेल्या छातीत श्वास जाईना. हातातला दोर सुटला. पुढचं शीड फडफडू लागलं आणि होडी आडवी झाली.

पाण्याखाली एक क्षणच गेला असेल, पण ओलं शीड तोंडावर होतं आणि आत ओढायला हवा नव्हती. मग जॅकेटच्या मागच्या पट्टीला धरून कुणीतरी तिला वर खेचलं. पूर्णिमा होती. बचाव बोट आली. अनुजानं पाण्यात उडी टाकली आणि पालथ्या होडीच्या तळावर चढून ती सरळ केली.

काठावर पूर्णिमानं नुजहतचं जॅकेट उघडलं आणि भिजलेल्या कुर्त्याखालचे ओढणीचे वेढे तिच्या हाताला लागले. तिनं एकेक वेढा सोडवला.

"डॉक्टर काय म्हणालेलं? खरं सांग."

"सहा आठवडं."

"आणि तू मला फोनवर काय सांगितलंस? पाण्यात तुला काय झालं असतं म्हंजे? कामिलभावजींना मी काय तोंड दाखवलं असतं?"

"तुला काय," नुजहत म्हणाली. श्वास लागल्यानं शब्द तुटत होते. "तू हसतीस तिच्यासंगं. मला तर हसताबी येत न्हाय."

"हसतो की! चांगली पोरगी हाय ती. तुझी परवानगी काढून हसू काय?" पूर्णिमा उठली, ओली ओढणी पिळून नुजहतच्या मांडीवर टाकली आणि होडी ओढायला गेली.

डॉक्टरांनी परत फोटो काढला. चीर वाढली नव्हती, पण भोवतालचे स्नायू चांगलेच ओढले गेले होते. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. कामिल रागावला नाही. फक्त म्हणाला की आता तू दार लावून तयार होत असलीस तर मी दाराबाहेर बसणार. पूर्णिमाचा फोन आला नाही. नुजहतनंही केला नाही.

तिसऱ्या शर्यतीला ती गेली, पण क्लबकडं नाही. बांधावरच्या झाडांखाली छत्री घेऊन उभी राहिली. पूर्णिमा आणि अनुजा शेवटच्या फेरीपर्यंत पुढं होत्या. पूर्वेच्या काठाला पोचल्या आणि वारा फिरला. अनुजाला कळलंच नाही. शीड लुळं पडलं आणि बाकीच्या होड्या एकामागून एक पुढं निघून गेल्या. त्यांची होडी सातवी आली.

नुजहतला आनंद झाला. तोंडात गूळ घातल्यासारखा. घरी जाताना रिक्षाचा प्रत्येक खड्डा बरगडीला लागत होता आणि ती तोच क्षण परत परत बघत होती: शीड लुळं पडलं तो. ताराराणी चौक गेला तेव्हा तिला शिडाशिवाय आणखी काही दिसू लागलं. अनुजा मान वळवून झाडांकडं, पाण्याकडं, आभाळाकडं बघत होती. काय बघायचं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मागं पूर्णिमा सुकाणू धरून गप्प बसली होती, ओरडलीसुद्धा नव्हती.

रात्रभर तिला बसून झोप आली नाही. सकाळी तिनं अनुजाला फोन लावला. "कामावरनं सुटलीस की तलावावर ये. पूर्णिमाला सांगायची गरज न्हाय."

अनुजा कंपनीच्या गणवेशातच आली. दोघी पूर्वेच्या काठाला चिखलातून चालत गेल्या. नुजहत हळू, एक हात कुशीवर ठेवून.

"ती निलगिरीची रांग बघ. पानं हिरवी दिसत्यात तवर वारा पश्चिमेचा. पांढरी दिसाय लागली की समज, पानं उलटी झाली, वारा फिरला. तिथनं पाण्यापर्यंत यायला त्याला दहा आकडं लागत्यात. मोज."

ढग आला. पानं पांढरी झाली. अनुजा मोजू लागली. नवाला पाण्यावर सुरकुती उठली.

"हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं," अनुजा म्हणाली.

"व्हय."

"मग?"

"सांगायचं नव्हतं. माझी जागा हाय ती." नुजहतनं पाण्याकडं बघत म्हटलं. "तू वाईट असतीस तर बरं झालं असतं."

परतताना चिखलात अनुजानं हात पुढं केला. नुजहतनं धरला, कारण घसरून चालणार नव्हतं.

शेवटच्या शर्यतीला नुजहत क्लबच्या काठावर, सगळ्यांच्यात उभी राहिली. पूर्वेच्या काठाला अनुजा दोनदा वारा फिरायच्या आधीच ओरडली आणि दोनदा पूर्णिमानं होडी वळवली. त्या शर्यतीत त्या पहिल्या आल्या. हंगामाच्या एकूण गुणांत तिसऱ्या. एक शर्यत बुडाली होती आणि एक हुकली होती. पूर्णिमा होडी लावून सरळ नुजहतकडं आली.

"निलगिरीचं तू सांगितलंस तिला?"

"मीच."

"मला नऊ वर्षांत कधी सांगितलं न्हाईस."

"तुला सांगितलं असतं, तर मी कशाला लागलो असतो?"

पूर्णिमा तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसली. "लई कुजकी हायस तू, नुजी."

"हाय की."

नुजहतनं डबा उघडून पुढं केला. कामिलनं केलेला खिमा आणि भाकरी. दोघी जेवल्या. थोड्या वेळानं अनुजाही आली आणि नुजहतनं सरकून जागा दिली.

नवरात्रात डॉक्टरांनी तिला मोकळं केलं. डिसेंबरच्या हलक्या वाऱ्यात ती पुन्हा होडीत बसली. पूर्णिमानं आता पाळ्या ठरवल्या आहेत, एक रविवार नुजहतचा, एक अनुजाचा. बरगडी दुखत नाही. अनुजाचं लग्न ठरलं तर ती बेळगावला जाईल, असं पूर्णिमा परवा म्हणाली, तेव्हा नुजहतनं मुलगा काय करतो, तारीख कधीची, हे जरा जास्तच बारकाईनं विचारलं. अनुजाचा रविवार असला की ती तलावाकडं फिरकत नाही. शाहूपुरीतली बाकी दुकानं बंद असतात, पण तिचं दुकान उघडं असतं.