शिंप्याच्या तंगड्या आणि सुनेची सावली

शिंप्याच्या दुकानात अख्खी गल्ली कोंबली होती. आखडलेले हातपाय मंत्राने सोडवणाऱ्या ओढबाबांनी म्हाताऱ्या शिंप्याला पाय पसरून बसवलं, हात धरून पुढे ओढलं आणि ओरडले, "सुट!" चारदा ओढलं, चारदा ओरडले. पायाच्या अंगठ्यापासून नऊ इंच दूर असलेली हाताची बोटं टेपवर पाचावर आली. टाळ्याच टाळ्या.

मागच्या खोलीत शिंप्याची सून कोंडलेली होती. आज एकविसावा दिवस. रोज सकाळी सासऱ्यांच्या तंगड्या पुन्हा आखडत आणि बाबा म्हणत, "मी सोडवतो, घरातल्या कुणाची तरी सावली पुन्हा बांधते." चौघांच्या घरात बाहेरून नवी आलेली एकटी तीच. आज तिला कायमचं माहेरी धाडायचं होतं. पिशवी सासूबाईंनी भरली होती, तीही छान घड्या घालून.

सासऱ्यांनी दार उघडलं आणि थबकले. फरशीभर खडूच्या रेघा.

"हे काय गं?"

"मी रोज स्वतःलाच ओढलं, अण्णा. मंत्राविना. बोटं पोचतील तिथे रेघ मारली. दर खेपेला थोडी पुढे, तासाभराने जिथल्या तिथे. दार तर बंद होतं. माझ्यावर कुणाची सावली पडली?"

"हिलाच बाधा झालीय!" बाबा गरजले.

"मग तुम्ही बसा. आणि मला परत कोंडा, नाहीतर म्हणाल माझी सावली पडली."

गल्लीला दुसरा खेळ फुकट मिळत होता. "बसा, बाबा, बसा!"

कडी लागली. शिंप्याने मंत्र न म्हणता बाबांना चारदा ओढलं. आठाचे साडेचार झाले. तासाभरात बाबांना तीनदा महत्त्वाचं काम आठवलं. गल्लीतल्या लोहाराने तीनदा खाली बसवलं. मग टेप लावली. पावणेआठ.

"बाबा, तुम्हाला कोण बांधतंय हो?" लोहाराने विचारलं.

बाबा निघाले, एक चप्पल दुसऱ्याची घालून.

लग्नाआधी सून व्यायामोपचाराच्या दवाखान्यात मदतनीस होती. घरात हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "स्नायू लागोपाठ ताणला की थोडा वेळ सैल पडतो, आपल्यालाही जास्त ताण सोसवतो. मोकळा सोडला की पूर्ववत होतो. रोज, कित्येक आठवडे ताणलात तर फरक टिकेल. त्याला बाबा लागत नाही, सूनही आड येत नाही."

सासरे पुटपुटले, "पोरी, आता राहा."

"ते मी ठरवीन, अण्णा. तुम्ही एवढंच करा. पुन्हा कुणाला कोंडण्याआधी स्वतः मोजून बघा."